दिवसाला शंभर

फणसवाडीतल्या डॉक्टर कालिंदी केंकरे यांच्या दातांच्या दवाखान्यात संघमित्रा गमरे एकवीस वर्षं कामाला होती. लग्न होऊन काळाचौकीला आली त्याच वर्षी लागली. पेशंट तिला सिस्टर म्हणत, डॉक्टरबाई मित्रा म्हणत. खुर्चीशेजारी उभं राहून बाईंच्या हातात न मागता अवजार ठेवायचं, हे लोकांना दिसणारं काम. खरं काम मागच्या खोलीत चालायचं. तिथे मोरी, कडाप्प्याचा ओटा आणि ओट्यावर ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबावर अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र. त्या खोलीत संघमित्राशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही, असा बाईंचाच दंडक होता.

शिस्तही बाईंनीच लावलेली. पहिल्याच महिन्यात अवजारांच्या एका पाकिटाला जराशी ओल राहिली होती. बाहेर काळबादेवीचा एक कापडवाला सुजलेला गाल धरून ओरडत होता. बाईंनी पाकीट बोटांनी दाबून पाहिलं आणि अख्खी खेप परत लावायला सांगितली. कापडवाला पाऊण तास शिव्या घालत बसला. तो गेल्यावर बाई हात पुसत म्हणाल्या, "दुखणं थांबवता येतं, मित्रा. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की ते काढता येत नाही." संघमित्राने ते कुठे लिहून ठेवलं नाही. गरज पडली नाही.

बाईंचे यजमान वारल्यावर त्यांच्या नावाने मंडळ निघालं. आधी चिपळूण-गुहागरकडे दातांची मोफत शिबिरं झाली, मग दोनदा नेपाळला. बाईंचा पुतण्या विकास दातांचाच डॉक्टर, दादरला त्याचा चार खुर्च्यांचा चकचकीत दवाखाना. मंडळाचा कारभार त्याच्याकडे आला तशी शिबिरं फुगत गेली. गेल्या वर्षी त्याने जाहीर केलं, या खेपेला आफ्रिका. टांझानियात एका तळ्याकाठी छोटंसं सरकारी आरोग्य केंद्र आहे, दिवसभर बसने गेल्याशिवाय दाताचा डॉक्टर भेटत नाही. पाच दिवसांचं शिबिर, आठ माणसं जाणार.

"आणि त्यातली एक तू," बाई म्हणाल्या.

संघमित्रा चिमटे घासत होती. "माझी चेष्टा करू नका बाई."

"चेष्टा कसली? पासपोर्ट काढायला टाक. तिकडे वीज धड नाही, पाण्याचा भरवसा नाही. अवजारांचं सगळं तुलाच बघायचंय. आधी कागदावर नीट योजना कर, मग तिथे उभी राहून चालव."

ती घरी गेली ती जिना दोन-दोन पायऱ्या चढत. नवरा आनंदा परळच्या एका हॉस्पिटलात लिफ्टच्या दुरुस्तीला होता. त्याने ऐकलं आणि पहिलं विचारलं, "विमानात खिडकीशी बसवतात की मागून घ्यावं लागतं?" पोलीस चौकशीला हवालदार चाळीत आला तेव्हा सगळा मजला दारात उभा. आफ्रिकेला जाताना लागणारी पिवळ्या तापाची लस टोचून झाली. विहारातल्या महिला मंडळाने पौर्णिमेला तिला पुढे बोलावून पांढरी साडी दिली. मंडळाच्या बकुळाताई माइकवर म्हणाल्या, "आपल्या आज्या गिरणीच्या बाहेर टोपल्या घेऊन बसायच्या. आज आपली संघमित्रा परदेशात लोकांची सेवा करायला चालली." टाळ्या पडल्या. संघमित्रा नुसती "जय भीम" म्हणून खाली बसली.

योजना मात्र तिने जीव ओतून केली. तिथल्या केंद्रात नीमा नावाची नर्स होती. दर रविवारी दुपारी संघमित्रा तिला फोन लावायची. तिथलं घड्याळ अडीच तास मागे, त्यामुळे इकडे जेवणं आटोपलेली असायची आणि तिकडे नीमा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत असायची. दोघींचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण दोघींचा धंदा एक. अडायचं तिथे वस्तू फोनसमोर धरून दाखवायची.

"दोन वर्षांपूर्वी एक टीम आली होती, दुसऱ्या देशातली," नीमाने एकदा सांगितलं. "चिमटा बादलीत बुडवायचा, फडक्याने पुसायचा, पुढच्याच्या तोंडात घालायचा. मी बघत होते."

"मग तू बोलली नाहीस?"

"ते पाहुणे. मी नर्स. कोण ऐकतं? यावेळी तू सगळं कागदावर लिहून दे. सही कर. तो कागद मी जिल्ह्याच्या ऑफिसात देईन. कागद असला की मलाही बोलता येतं."

संघमित्राने लिहून काढलं. दात काढायच्या अवजारांचे तीस सेट. चुलीवर चालणारे, कुकरसारखे दोन ऑटोक्लेव्ह, एकात सहा सेट मावतात. वाफ धरायची, वीस मिनिटं ठेवायची, उतरवायचं, सुकवायचं, सगळं मिळून एक तास. म्हणजे तासाला बारा सेट. सकाळचे तयार तीस आणि दिवसभरात सहा खेपा. एका दिवसाला शंभर माणसं, त्यावर एक नाही. शिवाय दोन जाड वह्या तिने स्वतः रेघा मारून केल्या. नाव, गाव, फोन, कुठला दात काढला. माणूस घरी गेल्यावर रक्त थांबलं नाही तर नीमाला त्याला शोधता यायला हवं. कोळशाची पोती नीमा जमवणार होती. दोन बायका बाजूला बसवून तिने पाणी गाळून ठेवायची व्यवस्थाही लावली होती.

"शंभर पुष्कळ आहेत," नीमा म्हणाली. "शंभर नीट कर. बाकीचे पुढच्या वर्षी."

दादरला मंडळाच्या कचेरीत बैठक झाली तिथे संघमित्राने हा कागद वाचून दाखवला. टेबलाभोवती डॉक्टर मंडळी, ती कोपऱ्यातल्या स्टुलावर. वाचून झाल्यावर विकासने पेन बंद केलं.

"सिस्टर, खूपच छान. पण पाच दिवसांचे पाचशे होतात. आपण देणगीदारांना हजार सांगितलेत. पत्रक छापून गेलंय."

"मग अजून दोन कुकर आणि तीस सेट लागतील, सर. निघायच्या आत मिळतात. मी भेंडीबाजारात चौकशी केलीय."

"वजन कुठे आहे? विमानात आपल्याला ठरावीक बॅगा. त्यात हजार मुलांची ब्रश-पेस्टची किट आहेत, बॅनर आहेत."

"किट कमी करू या ना."

"किटवर देणगीदारांचं नाव आहे," विकास म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. "आपण असं करू. थोडं कुकरमध्ये, थोडं केमिकलच्या टबात. वीस मिनिटं बुडवलं की झालं. जगभर करतात."

"सर, त्या केमिकलला दहा तास लागतात. वीस मिनिटांत नुसता वास मरतो."

एक डॉक्टर हसले. संघमित्राने बाईंकडे पाहिलं. बाई चष्म्याच्या काचा पदराने पुसत होत्या. पुसून झाल्या तरी पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच बाईंनी तिला आत बोलावलं. टेबलावर तिचीच योजना टाइप करून ठेवलेली होती, सुबक, मंडळाच्या शिक्क्यानिशी. सगळं तेच. एका ठिकाणी मात्र तीन शब्द वाढले होते. 'अवजारे वाफेच्या दाबाने', यापुढे 'किंवा मान्य द्रावणाने'. इंग्रजीत होतं, पण तिला लगेच दिसलं. आणि 'दिवसाला शंभर' ही ओळ गळली होती.

"हे मी लिहिलं नाही, बाई."

"ठाऊक आहे. अडीअडचणीला म्हणून घातलंय. एखाद्या दिवशी कोळसा संपला, पाऊस आला, तर काय लोकांना परत पाठवायचं? वापरणार नाही गं आपण. तू असशीलच की तिथे. तू असताना कोण वापरेल?"

"मग घालायचं कशाला?"

बाई खुर्चीत मागे टेकल्या. अडुसष्टाव्या वर्षी त्या एकदम खूप म्हाताऱ्या दिसल्या. "मित्रा, हे माझं शेवटचं शिबिर. पुढे सगळं विकास बघणार. हा दवाखानासुद्धा. त्याच्याशी मी आता भांडू शकत नाही. आज कागद गेला नाही तर परवानगी हुकेल, कुणीच जाणार नाही. ते शंभरही नाहीत."

संघमित्रा कागदाकडे बघत राहिली. सही नाही केली तर काय, हे तिला बाईंनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तिला विहारातल्या टाळ्या ऐकू आल्या, आनंदाने आणलेली निळी बॅग दिसली. आणि खरंच, ती असणारच होती ना तिथे. ती उभी असताना टबात चिमटा बुडवायची कुणाची छाती होती?

तिने सही केली. खाली स्वतःचं नाव, पूर्ण, इंग्रजीत.

नीमाला कागद पोचला. पुढच्या रविवारी तिने त्या तीन शब्दांबद्दल विचारलंही. संघमित्रा म्हणाली, "ते नुसतं अडचणीसाठी. मी येतेय ना." नीमा हसली, म्हणाली, ये, मग मी तुला तळ्यातला मासा खायला घालते.

निघायला नऊ दिवस असताना बाईंनी संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर तिला बसायला सांगितलं. एकवीस वर्षांत बाईंनी तिला पेशंटच्या खुर्चीत बसायला कधी सांगितलं नव्हतं.

मोठ्या देणगीदारांची सून, प्राची, शिबिराची फिल्म करणार होती. तिची जागा करायची होती. जागा आठच.

"तुझं मुख्य काम तर झालंय," बाई म्हणाल्या. "योजना तुझी, बांधाबांध तुझी. तिथे अवजारं उकळायला नीमा आहे, तिच्या हाताखाली बायका आहेत. डॉक्टर तर कमी करता येत नाही. मी विकासला खूप सांगितलं."

"काय सांगितलंत?"

बाईंनी खुर्चीवरचा दिवा मालवला. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नक्की."

संघमित्रा उठली आणि मागच्या खोलीत गेली. तिथे तिने राहिलेली अवजारं घासली, पाकिटं भरली, ऑटोक्लेव्हचं झाकण पुसलं. प्रत्येक पाकीट दोनदा चिकटवलं. घरी आल्यावर तिने सांगितलं तेव्हा आनंदा एवढंच म्हणाला, "आधी सही घेतली ना त्यांनी?" तोपर्यंत तिच्या हे ध्यानात आलं नव्हतं. ती गॅस बंद करून तशीच ओट्याशी उभी राहिली.

चाळीत सांगणं सगळ्यात कठीण गेलं. ज्याला त्याला उत्तर द्यायचं. कुणी म्हणे व्हिसा अडला का, कुणी म्हणे बरंच झालं, तिकडे साथी असतात. बकुळाताईंनी मात्र सरळ विचारलं, "सगळ्या सायबांतून तुझंच नाव कसं कापलं गेलं गं?"

तरी तिने बॅगा भरल्या. दोन कुकर, सहाशे पाकिटं, वाफ नीट लागली की काळ्या पडणाऱ्या पट्ट्या, दोन्ही वह्या. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मराठीत आणि इंग्रजीत. वर एक कागद चिकटवला, पहिल्या खेपेपासून शेवटच्या खेपेपर्यंत काय कसं करायचं त्याचा. नीमाला फोन करून सांगितलं की मी येत नाही. नीमाच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"काळजी करू नकोस," ती म्हणाली. "तुझा कागद आहे माझ्याकडे."

शिबिर झालं. मंडळी परत आली. विकासच्या फोनवरून फोटो फिरू लागले: झाडाखाली रांगा, हातात ब्रश धरून हसणारी पोरं, मागे बॅनर. खाली आकडा, एक हजार चाळीस. बाईंनी संघमित्राला तिकडचं रंगीत कापड आणि कॉफीची पुडी आणून दिली.

दोन दिवसांनी खोकी फणसवाडीला आली. संघमित्रा मागच्या खोलीत एकटीच उघडत बसली. पाकिटांचं खोकं उचललं आणि ते तिला जड लागलं. सहाशे नेलेली, पाचशेच्या वर तशीच कोरी होती. पट्ट्यांचं बंडल जवळजवळ अख्खं. तिने वही काढली. पहिल्या दिवसाची पानं नीमाच्या गोल अक्षरात भरलेली होती, नाव, गाव, फोन, दात. चौऱ्याण्णव नावं. पुढची पानं कोरी. दुसरी वही उघडलीच नव्हती. खोक्याच्या तळाशी प्लास्टिकची टोकनं होती, दोऱ्यात ओवलेली, त्यांवर नुसते आकडे.

तिने सगळं तसंच ओट्यावर मांडून ठेवलं आणि बाईंना हाक मारली.

बाई दारात उभ्या राहिल्या. बघितलं. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"पहिल्या दिवशी तुझ्याच पद्धतीने केलं," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी बाहेर तीनशे माणसं उरली होती. उन्हात बायका बसलेल्या, लांबून चालत आलेल्या. विकास म्हणाला, यांना काय सांगणार? तू पाहिली नाहीस ती माणसं. तूही परत पाठवलं नसतंस."

"पाठवलं असतं."

"बोलायला सोपं आहे."

"कापडवाल्याला तुम्ही पाऊण तास बसवला होता, बाई. तो तर गाल फुगवून बसलेला. पैसेवाला होता."

बाईंचा चेहरा लाल झाला. त्या इतकी वर्षं तिच्याशी कधी ज्या आवाजात बोलल्या नव्हत्या त्या आवाजात म्हणाल्या, "कागदावर द्रावण लिहिलेलं होतं, मित्रा. सही तुझी आहे."

आणि त्या बाहेर गेल्या. बाहेर पेशंट बसला होता.

आठवडाभर संघमित्राच्या तोंडाला चव नव्हती. आनंदा म्हणाला, "गप्प बस. तुझीच सही आहे, उद्या तुझ्याच गळ्यात येईल. ते डॉक्टर आहेत, ते सुटतील. आपण कोण?" त्याचं चुकत नव्हतं. पण तिला हजार चाळीस उणे चौऱ्याण्णव एवढंच दिसत होतं. त्यातल्या किती जणांच्या रक्तात आधीच काविळीचा विषाणू असेल, एचआयव्ही असेल, आणि त्यांच्या तोंडातून निघालेला चिमटा पुढे कुणाकुणाच्या तोंडात गेला असेल. नावं नाहीत, गावं नाहीत.

रविवारी तिने नीमाला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "दुसऱ्या दिवसापासून टब वापरला ना त्यांनी?"

"हो," नीमा म्हणाली.

"तू होतीस तिथे?"

"होते. पाचही दिवस."

"मग थांबवलं का नाहीस?"

नीमाला प्रश्नच कळला नाही असं आधी वाटलं. मग ती सावकाश म्हणाली, "मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तुझा कागद दाखवला. त्यात लिहिलं होतं, द्रावणाने. खाली तू सही केलेली. मला वाटलं, तू एवढी कडक बाई, तू लिहिलंस म्हणजे ते चालत असेल. आमच्याकडे माहीत नसलेलं काहीतरी औषध असेल."

संघमित्राने फोन कानाला धरून डोळे मिटले.

"चालत नाही?" नीमाने विचारलं.

"नाही. वीस मिनिटांत नाही. मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं," नीमा म्हणाली. रागाने नव्हे. तिने ते वाक्य नुसतं परत म्हटलं, नीट ऐकलं की नाही ते तपासावं तसं.

त्यानंतर तिने कामाचं विचारलं. किती सेट, कुठलं केमिकल, किती वाजता. ती स्वतः आसपासच्या गावांत फिरून माणसं शोधायला तयार होती. पण रक्त तपासायचं तर तपासणीच्या पट्ट्या हव्यात, आणि जिल्ह्याच्या ऑफिसला मंडळाचं पत्र हवं की असं असं झालं आहे.

संघमित्रा हे घेऊन दादरला बैठकीत गेली. कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी प्राचीची फिल्म दाखवायची होती, भिंतीवर पांढरा पडदा सोडला होता. संघमित्रा पडद्याच्या बाजूला उभी राहून बोलली. तिने कुणावर ठपका ठेवला नाही, सही आपली आहे हेही सांगितलं. फक्त पत्र आणि तपासणीच्या पट्ट्या मागितल्या.

"कुणाला काही झालंय का, सिस्टर?" विकासने विचारलं. "एक तरी तक्रार?"

"इतक्यात कळणार नाही, सर. महिने लागतात. कुणाला वर्षं."

"म्हणजे काही झालेलं नाही. आणि आपण आपल्याच हाताने लिहून द्यायचं की आम्ही चुकलो? हजार माणसं घाबरवायची? त्यांच्या वेदना थांबल्या, तेवढं आपण केलं." तो थांबला. "तुम्ही दमला आहात. थोडी रजा घ्या."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मंडळ त्यांच्या यजमानांच्या नावाचं होतं. त्या म्हणाल्या असत्या तर पत्र गेलं असतं. बाईंनी कपात राहिलेला चहा हलवला आणि म्हणाल्या, "फिल्म सुरू करा. लोकांना घरी जायचंय."

खोलीत अंधार केला. संघमित्रा चपला शोधून बाहेर पडली.

पत्र तिने स्वतः लिहिलं. आनंदाने ते लिहू नको म्हणून दोन दिवस सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच कोरे कागद आणून दिले. तिने इंग्रजीत, साध्या शब्दांत लिहिलं की शिबिराच्या अवजारांची योजना माझी होती, नंतर घातलेले शब्द चुकीचे आहेत हे मला माहीत होतं, तरी मी सही केली, दुसऱ्या दिवसापासूनच्या सगळ्या माणसांचं रक्त तपासलं पाहिजे. खाली परत पूर्ण नाव. फोटो काढून नीमाला पाठवलं, आणि फणसवाडीच्या दवाखान्याच्या किल्ल्या पाकिटात घालून बाईंच्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी फोन केला नाही. तिनेही वाट पाहिली नाही, असं ती सांगे. खरं म्हणजे पाहिली.

पुढे भायखळ्याला एका तरुण डॉक्टरच्या दवाखान्यात तिला काम मिळालं. अर्धा दिवस, पगारही तसाच. मंडळाचं फारसं बिघडलं नाही. टांझानियाची परवानगी परत मिळणार नाही असं कळल्यावर विकासने पुढच्या शिबिरासाठी दुसरा देश शोधला. दादरला मोठा समारंभ झाला, त्यात बाईंचा सत्कार झाला, आणि भाषणात हजार चाळीसचा आकडा पुन्हा पुन्हा आला. हे संघमित्राला बकुळाताईंनी सांगितलं. त्यांच्या मुलीच्या कॉलेजात पत्रक आलं होतं.

नीमाचा फोन चार महिन्यांनी आला. संघमित्रा संध्याकाळी भायखळ्याच्या मंडईत भाजी घेत होती. नाव बघून तिने मेथीची जुडी परत ठेवली आणि पोत्यांच्या आडोशाला गेली.

"तुझं पत्र मी ऑफिसात दिलं," नीमा म्हणाली. "त्यांनी चौकशी लावली."

"कुणाची?"

"इथे कोण आहे? माझी."

कोंबड्यांचा आवाज येत नव्हता. मागे गाड्या, भोंगे, कुणीतरी ओरडून गावांची नावं घेत होतं. नीमा बसच्या तळावर उभी होती. पाच दिवस समोर उभी राहून तिने टब चालू दिला, केंद्राची जबाबदारी तिची होती, असं चौकशीत ठरलं. परदेशी डॉक्टर गेलेले, त्यांना कोण बोलावणार. तिची बदली झाली होती, घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर. आईला आणि कोंबड्यांना शेजारणीकडे सोपवून ती निघाली होती.

"आणि ती माणसं?"

"दोनशे दहा शोधली मी. पट्ट्या साठ मिळाल्या. साठांत पाच निघाले, काविळीचे. आधीपासून होतं की तेव्हा झालं, सांगता येत नाही. बाकीचे कोण आणि कुठे आहेत, माहीत नाही. माझ्या जागी आता नवी मुलगी आलीय. शोधलेल्यांची नावं मी एका नव्या वहीत लिहिली होती, ती तिला दिली. ती फिरेल की नाही, कोण जाणे."

संघमित्राला बोलायचं होतं. माफी हा शब्द तिने आधी मराठीत आणि मग इंग्रजीत जुळवला, आणि दोन्हीकडे तो तिला हलका वाटला. तरी ती म्हणाली, "सॉरी, नीमा."

"पत्र चांगलं लिहिलंस," नीमा म्हणाली. "ऑफिसात मोठ्याने वाचलं त्यांनी, माझ्यासमोर. पण मला आधी सांगायचं होतंस. मी तुला विचारलं होतं. ते तीन शब्द कशाला, म्हणून विचारलं होतं. तेव्हा तू सांगितलं असतंस तर मी तो कागद फाडला असता."

मागे कुणीतरी तिला हाक मारली.

"बस लागली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संघमित्राने त्यानंतर तिला दोनदा मेसेज पाठवले. ते पोचले, वाचलेही गेले. उत्तर आलं नाही.